पडद्यावरचा ‘किंग लिअर’: पाचांपैकी आधी कोणता?

आपल्याकडे शेक्सपिअरच्या लिअरची पहिली ओळख बहुतेकांना आप्पासाहेब बेलवलकरांमुळे होते. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आलं, त्यावरचा सिनेमा २०१६ मध्ये. त्यामुळे लिअर म्हणजे मुलांच्या घरात जागा न उरलेला बाप, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तेवढ्या भांडवलावर मूळ नाटकाकडे गेलात तर पहिल्याच अंकात अडखळाल. शेक्सपिअरचा लिअर आधी स्वतःच धाकट्या मुलीला देशोधडीला लावतो, राज्य वाटून मोकळा होतो आणि वर शंभर सरदारांचा लवाजमा घेऊन थोरल्या दोघींकडे महिना महिना मुक्काम ठोकायचं ठरवतो. हा म्हातारा किती दोषी आणि किती अभागी, याचं उत्तर प्रत्येक दिग्दर्शकाने वेगळं दिलंय. पडद्यावरच्या पाच लिअरमधून निवड करताना मी तेच बघतो.

सगळ्यात कडक निकाल जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा. ‘रान’ (१९८५) मध्ये लिअर झालाय हिदेतोरा, सोळाव्या शतकातल्या जपानमधला सरदार. मुलींच्या जागी तीन मुलगे, त्यांच्या फौजांचे रंग पिवळा, लाल आणि निळा, त्यामुळे लढाईत कोण कुणाचा ते विचारावं लागत नाही. शेक्सपिअरच्या संवादांवर इथे पाणी सोडावं लागतं. पण नाटकात लिअरला भूतकाळच नाही. ऐंशी वर्षांचा राजा, पण त्याने राज्य कसं कमावलं हे कुणी सांगत नाही. कुरोसावा नेमकं तेच सांगतो. थोरल्या सुनेचं, काएदेचं, माहेर हिदेतोराने संपवलेलं आहे आणि ती त्याचा हिशोब चुकता करायला बसलीय. वेड लागलेला हिदेतोरा वादळी रात्री एका झोपडीत आसरा घेतो. तिथे राहणारा आंधळा तरुण त्सुरुमारू, त्याचे डोळे हिदेतोरानेच एकेकाळी काढवलेले. देण्यासारखं काही नाही म्हणून तो पाहुण्याला बासरी ऐकवतो. नाटकात डोळे काढले जातात ते ग्लॉस्टर या सरदाराचे, आणि त्यात लिअरचा हात नसतो. कुरोसावाने ते पाप सरळ म्हाताऱ्याच्या खात्यावर टाकलं.

आणि तो किल्ल्याचा प्रसंग! तिसऱ्या गडावर हल्ला होतो तेव्हा आरडाओरडा, तलवारी, घोडे, कशाचाच आवाज नाही. फक्त ताकेमित्सूचं संगीत. मग एकच गोळी सुटते, थोरला मुलगा कोसळतो आणि सगळे आवाज एकदम अंगावर येतात. जळत्या वाड्याच्या पायऱ्या उतरत हिदेतोरा झालेला तातसुया नाकादाई खाली येतो आणि दोन्ही फौजा गुपचूप बाजूला सरतात. हा गड फुजी पर्वताच्या उतारावर खरोखर बांधला आणि खरोखर जाळला होता.

१९७१ मध्ये लिअरवर दोन चित्रपट आले, दोन्ही कृष्णधवल, आणि ते एकामागोमाग पाहण्यात खरी गंमत आहे. एक सोव्हिएत दिग्दर्शक ग्रिगोरी कोझिन्त्सेव्हचा, दुसरा ब्रिटिश पीटर ब्रुकचा. दोघांचा आपसात पत्रव्यवहारही होता. सिनेमे मात्र दोन टोकांचे. कोझिन्त्सेव्हची सुरुवातच खडकाळ वाटेने किल्ल्याकडे निघालेल्या गोरगरिबांच्या रांगेने होते. राजाच्या घरचं भांडण ह्या लोकांना भोवणार, हे शब्दाविना कळतं. वादळातल्या झोपडीत नाटकात ग्लॉस्टरचा मुलगा एडगर एकटा असतो, इथे ती भिकाऱ्यांनी खचाखच भरलेली आहे. उघड्यावाघड्या गरिबांची आपण कधी पर्वा केली नाही, हे लिअर त्यांच्यातच बसून बोलतो. युरी यार्वेत हा एस्टोनियन नट किरकोळ अंगाचा, राजा वाटतच नाही, आणि म्हणूनच पटतो. संवाद पास्तरनाकच्या रशियन अनुवादातले, संगीत शोस्ताकोविचचं. नाटकात मध्येच गायब होणारा विदूषक इथे शेवटपर्यंत जगतो, पावा वाजवत रडत बसतो, आणि प्रेतं नेणाऱ्यांपैकी एकजण त्याला लाथ घालून पुढे जातो.

ब्रुकच्या सिनेमात असा कुणाचाच दिलासा नाही. डेन्मार्कच्या उत्तर जटलंडमधला हिवाळा, संगीत जवळपास नाहीच, आणि पॉल स्कोफिल्डचा दगडी चेहरा. थोरल्या मुलीच्या, गॉनेरिलच्या, घरी लिअर टेबल उलथवतो आणि त्याचे सरदार सगळ्या दालनाचा उकिरडा करून टाकतात, तेव्हा ‘बाई बरोबर बोलत होती’ असं वाटून जातं. नाटकातल्या थोरल्या मुलींना इतकी न्याय्य बाजू मी दुसऱ्या कुठल्या लिअरमध्ये पाहिलेली नाही. पण नाटक ठाऊक नसताना हा पाहू नका. संहितेची कापाकापी भरपूर आहे, दृश्यं तुटक आहेत. कोण कुणाचा कोण हे कळेपर्यंत अर्धा सिनेमा निघून जातो.

‘नटसम्राट’ आवडतं, रडायचीही तयारी आहे, त्यांनी ग्रॅनडा टेलिव्हिजनचा १९८३ चा प्रयोग आधी लावावा. पंचाहत्तरीचा, आजारांनी खंगलेला लॉरेन्स ऑलिव्हिए. १९४६ मध्ये, चाळिशीच्या आत, त्याने हीच भूमिका रंगमंचावर केली होती. सेट स्टुडिओतला आहे आणि ते लपत नाही. स्टोनहेंजसारखे दगड, वादळसुद्धा बेताचं. पण आवाजातला कंप खरा आहे आणि जॉन हर्टचा विदूषक त्याला फार हळुवारपणे सांभाळतो. माझी तक्रार एवढीच की हा लिअर सुरुवातीपासूनच इतका लाडका आजोबा आहे की त्याच्या रागाची कुणाला भीतीच वाटत नाही. तरी विंदा करंदीकरांचा मराठी ‘राजा लिअर’ हाताशी ठेवून मूळ इंग्रजी कानावर घालायचं असेल तर याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

राहिला रिचर्ड आयरचा २०१८ चा सिनेमा, त्यात लिअर अँथनी हॉपकिन्स. काळ आजचा, लंडन, लष्करी गणवेश; हा लिअर म्हणजे निवृत्त व्हायला निघालेला हुकूमशहाच. एमा थॉम्पसन आणि एमिली वॉटसन या थोरल्या बहिणी झक्क, फ्लॉरेन्स प्यू धाकटी. दोन तासांच्या आत सगळं उरकतं, त्यामुळे ग्लॉस्टर आणि त्याच्या दोन मुलांचं उपकथानक पळवल्यासारखं वाटतं. पण इंग्रजी सबटायटल्स लावून, कामाच्या दिवशी रात्री जेवणानंतर बघण्याजोगा पाचांतला हाच एक. ‘रान’साठी मात्र मोठा पडदा आणि मोकळा रविवार ठेवा, मोबाइलवर ते तीन रंग मुंग्यांसारखे दिसतात.