शेकर टोपली : आठ महिने वापरल्यावर

ऑक्टोबरात ही घरी आणली तेव्हा नवरा म्हणाला, "तीनशे दहा डॉलरची दुरडी?" आता जून उजाडलाय आणि फोडणीचा लसूण तो तिच्यातूनच काढतो.

शेकर हा अमेरिकेतला एक जुना ख्रिस्ती पंथ. त्यांच्या धाटणीची, न्यू हॅम्पशायरमधल्या एका विणणाऱ्या बाईंकडून घेतलेली ही 'कॅट हेड'. उलटी धरली की मांजराचं डोकं दिसतं, कोपरे म्हणजे कान. तळ मधोमध वर उचललेला, टोपली टेकते ती फक्त चार कोपऱ्यांवर. मला आधी ती नुसती शोभा वाटली होती. पण रोज चार किलो कांदे-बटाटे घालून उचलते, तरी तळ बसलेला नाही. भार बाजूंवर जातो.

लाकूड ब्लॅक ॲशचं, दलदलीत वाढणाऱ्या झाडाचं. सोललेला ओंडका घणाने बडवत राहायचं. वसंतात वाढलेला पोकळ थर चेचला जातो आणि एकेका वर्षाची पट्टी सुटून येते. करवत लागतच नाही. ती पट्टी पुन्हा उभी फाडली की आतून रेशीम! आमच्या बुरडाच्या रोवळीने आईच्या बोटांत कुसळं जायची, इथे अजून एकही नाही. ही विद्या मूळ तिथल्या आदिवासींची. शेकरांनी लाकडी साचे वापरून ती नेटकी केली. पंथ ब्रह्मचारी, माणसं घटत गेली, न्यू यॉर्क राज्यातली त्यांची माउंट लेबननची वस्ती १९४७ मध्ये बंद झाली. पुढे मार्था वेदरबींसारख्यांनी जुन्या टोपल्या पाहून पाहून ही वीण पुन्हा उभी केली.

तक्रारी आहेतच. हिवाळ्यात हीटरने लाकूड सुकलं, काठाची बांधणी सैल झाली, कडी कुरकुरायला लागली. ओल्या फडक्याने पुसल्यावर सावरली. एकदा धुतलेली कोथिंबीर रात्रभर तशीच राहिली; बुरशीचे काळे ठिपके गेले नाहीत ते नाहीतच. चूक माझी.

हिच्या नादात एका दुकानातून 'जुनी अस्सल शेकर' म्हणून दुसरीही घेतली. तळाला वेत निघाला, काठाला यंत्रावर कापलेली लव सुटलेली पट्टी. न्यू इंग्लंडची, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातली, कुठलीही जुनी टोपली 'शेकर' म्हणून खपते. पैसे परत मिळाले नाहीत. संग्रहच करायचा असेल तर आधी मॅसॅच्युसेट्समधल्या हॅनकॉक शेकर व्हिलेज या संग्रहालयात जाऊन खऱ्या बघून या. वापरायला मात्र नवीच घ्या.

सुया-लोकरीसाठी एक छोटी सांगून ठेवलीय. बाई म्हणाल्या, वर्षभर तरी थांबा. २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडलेला तो हिरवा किडा ॲशची झाडं पोखरत इथवर आलाय, चांगला ओंडकाच हाती लागत नाही.