मक्याच्या मुरघासाचे गठ्ठे: आंबवण उत्तम, कुट्टी फार बारीक

सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात माझा सहा संकरित गाईंचा गोठा आहे. यंदा विहिरीने मार्चमध्येच तळ गाठल्यामुळे स्वतःचा मका करता आला नाही, म्हणून एप्रिलमध्ये तयार मुरघासाचे, म्हणजे हवाबंद दाबून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याचे, ४० गठ्ठे मागवले. प्रत्येक गठ्ठा सुमारे ६० किलोचा होता आणि गोठ्यापर्यंत पोहोच दर किलोला साडेसात रुपये पडला. पुढील निरीक्षणे एकाच गाडीतील मालावरची असल्याने पुरवठादाराचे नाव देत नाही.

आधी चांगले ते सांगतो. गठ्ठे घट्ट दाबलेले होते. उघडल्यावर पिवळसर हिरवा रंग आणि ताकासारखा आंबूस वास आला. कुजकट, नाकात भरणारा वास एकाही चांगल्या गठ्ठ्याला नव्हता. लिटमससारख्या कागदी पट्टीवर सामू (आंबटपणा दाखवणारा आकडा, पीएच) ४ च्या आसपास आला, म्हणजे हवाबंद स्थितीत लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंनी आपले काम चोख केले होते. लहान गठ्ठ्याचा आणखी एक फायदा असा, की तो उघडला त्याच दिवशी संपतो. मोठ्या खड्ड्यातला मुरघास हवेच्या संपर्काने तापतो आणि बुरशी धरतो, तो प्रकार इथे होत नाही. चाळीसपैकी तीन गठ्ठ्यांना मात्र भोके पडून आत पांढरी-हिरवी बुरशी आली होती आणि ते मी उकिरड्यावरही न टाकता पुरून टाकले. पुरवठादाराने दोन गठ्ठ्यांचे पैसे वळते केले. तिसरा उतरवताना फाटला असे त्याचे म्हणणे होते, आणि खरे सांगायचे तर ते नाकारण्याइतकी खात्री मला नाही.

ओलाव्याबाबत मात्र मी समाधानी नाही. मूठ दाबली की बोटांतून पाणी ठिबकत होते. एक किलो मुरघास कढईत मंद आचेवर, वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवला, तेव्हा २७० ग्रॅम कोरडा ऐवज उरला. मका दाण्यातला चीक निम्मा घट्ट झाल्यावर, योग्य वेळी कापला असता तर हा आकडा ३३० ग्रॅमपर्यंत यायला हरकत नव्हती. म्हणजे ६० किलोच्या गठ्ठ्यात मला सुमारे १६ किलो कोरडी वैरण मिळाली, जिथे जवळजवळ २० किलो मिळायला हवी होती, आणि कोरड्या किलोचा दर २३ ऐवजी २८ रुपयांच्या घरात गेला.

या खरेदीतला खरा प्रश्न मात्र कुट्टीच्या लांबीचा निघाला. तुकडे अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास होते. दिसायला हा माल सुबक असतो आणि गाई गव्हाणीत काही शिल्लक ठेवत नाहीत, त्यामुळे घेणारा खूश होतो. पण गाईच्या पोटाचा हिशेब वेगळा आहे. मोठ्या गाईच्या कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या चार कप्प्यांपैकी पहिल्या आणि सर्वांत मोठ्या कप्प्यात, शंभर लिटरहून अधिक माल मावतो आणि त्यात लांब धाग्यांचा चारा वरच्या बाजूला गादीसारखा तरंगत राहतो. ही गादी पोटाच्या भिंतीला टोचत राहते, म्हणून गाय घास परत तोंडात आणून रवंथ करते, आणि रवंथ करताना लाळ सुटते. दिवसाला शंभर लिटर किंवा त्याहून अधिक सुटणाऱ्या या लाळेत नैसर्गिक सोडा असतो आणि तोच कोठीपोटातले आम्ल मारतो. मुरघास स्वतःच आंबट आणि त्यावर दाण्यातील पिठूळ भाग जलद आंबणारा. अशा खाद्याला लाळेची गरज जास्त, आणि बारीक कुट्टीने नेमकी तीच कमी होते.

गठ्ठ्यांसोबतच्या माहितीपत्रकात ‘तीन दिवसांत पूर्ण बदल करा, कडबा देण्याची गरज नाही’ असे छापले होते. पहिला सल्ला मी मानला नाही, कारण चारा पचवणारी गाय नसून तिच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव असतात आणि नव्या खाद्यासाठी त्यांची घडी बसायला दोन आठवडे तरी लागतात. मी दहा दिवसांत हळूहळू गाईमागे १५ किलोपर्यंत आलो. दुसरा सल्ला मात्र बाराव्या दिवसापासून मानला आणि तिथे फसलो. पाच दिवसांत बसलेल्या गाईंपैकी रवंथ करणाऱ्या गाई कमी दिसू लागल्या, एका घासाला साठच्या आसपास पडणारे चावे चाळिशीवर आले, शेण पातळ आणि फेसाळ झाले. डेअरीत ३.८ लागणारी फॅट ३.३ वर घसरली. दुधाचे माप घटले नाही, म्हणून आठवडाभर दुर्लक्ष करणेही सहज शक्य होते. यातला धागा सरळ आहे: कोठीपोट आम्लाकडे झुकले की तंतू पचवणारे जिवाणू मंदावतात, त्यांच्याकडून येणारे अॅसेटिक आम्ल कमी होते, आणि कासेत दुधाची फॅट बऱ्याच अंशी त्याच आम्लापासून बनते. पशुवैद्यकांनी गाईंची डावी कूस तपासून औषधाऐवजी गाईमागे चार किलो कडबा, बोटभर लांबीची कुट्टी करून, मुरघासाच्या आधी द्यायला सांगितले. आठ दिवसांत फॅट ३.६ वर आली.

शेण चाळणीत धुऊन पाहिले तेव्हा अख्खे दाणेही बरेच सापडले. सालपट न फुटलेल्या दाण्यात सूक्ष्मजीवांना शिरकाव मिळत नाही, म्हणून तो जसाच्या तसा बाहेर पडतो. पैसे दाण्याचे मोजायचे आणि तो शेणखतात जायचा, असा हा व्यवहार झाला. याच पत्रकात ‘लहान वासरांनाही उपयुक्त’ असा दावा होता, तो सरळ चुकीचा म्हणावा लागेल. दूधपित्या वासराचे कोठीपोट तयारच झालेले नसते. त्याचे दूध अन्ननलिकेच्या खोबणीतून कोठीपोट टाळून थेट चौथ्या कप्प्यात जाते, आणि त्याच्यापुढे आंबट मुरघास टाकणे म्हणजे सोय नसलेल्या घरी पाहुणे पाठवणे.

गठ्ठा उघडताना जाळी आणि प्लॅस्टिकचे तुकडे वैरणीत मिसळू न देण्याची काळजी घ्यावी लागते. कोठीपोटात गेलेले प्लॅस्टिक पचतही नाही आणि पुढेही सरकत नाही. गुंडाळी एका बाजूने कापून अखंड काढली तर हे काम दोन मिनिटांचे आहे.

पुढच्या मागणीच्या वेळी मी पुरवठादाराला तीन गोष्टी विचारल्या. कुट्टी दोन सेंटीमीटर ठेवायला तो तयार झाला. मका आठवडाभर उशिरा कापायचे त्याने शेतकऱ्यांशी बोलून सांगतो म्हटले. दाणे फोडणारे रोलर मात्र त्याच्या यंत्राला नाहीत, म्हणून या वेळी ४० ऐवजी २० गठ्ठेच सांगितले आहेत.