खंजिरी कापायला रीपर: ऑक्टापॅडवाल्यांसाठी

धुमाल पार्टी (मिरवणुकीतलं वाजंत्री पथक) असो की झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकाची संगीतबाजू, ऑक्टापॅडवर, म्हणजे काठीनं वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पॅडवर, आपल्याकडचे आवाज भरायचे म्हटले की बरेच जण आधी एफएल स्टुडिओ हे संगीत रचायचं सॉफ्टवेअर उतरवतात. बीट बांधायला ते उत्तमच. पण काम फक्त आवाज कापून पेनड्राइव्हवर टाकण्याचं असेल, तर रीपर हे रेकॉर्डिंग-एडिटिंगचं सॉफ्टवेअर पुरतं. ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवरही ते निवांत चालतं. इन्स्टॉलर इतका लहान की मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून मिनिटा-दोन मिनिटांत उतरतो. ६० दिवस सगळ्या सोयी खुल्या असतात. पुढे सवलतीचा परवाना ६० डॉलरचा. तो फाइलच्या रूपात मिळतो, त्यामुळे गावात नेट नसलं तरी अडत नाही.

रेकॉर्डिंग निवडून डी दाबलं की डायनॅमिक स्प्लिटची (आपोआप कापण्याची) खिडकी उघडते. ढोलकच्या कडक थापांवर हे झकास चालतं: ट्रान्झियंटवर (आवाजाच्या टोकदार सुरुवातीवर) काप म्हणायचं, संवेदनशीलता मध्यम ठेवायची, बहुतेक तुकडे जागच्या जागी पडतात. घिस्सा (हात घासून काढलेला बोल) मात्र सुटतो. डग्ग्याचा (खर्जाच्या बाजूचा) आवाज घसरत वर येतो, त्याला टोकदार सुरुवातच नसते, मग सॉफ्टवेअर पकडणार काय?

खंजिरीत खरी परीक्षा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे विदर्भात गावोगावी वाजणाऱ्या या वाद्याच्या चकत्या थाप संपल्यावरही किणकिणत राहतात. प्रत्येक किणकिण नवी थाप समजून रीपर एका ठोक्याचे चार तुकडे पाडतं. संवेदनशीलता कमी करा आणि तुकड्याची किमान लांबी १२० मिलिसेकंदांच्या आसपास न्या. गेटवर, म्हणजे आवाजाच्या पातळीवरून, कापू नका, कारण किणकिण थांबत नाही तोवर गेट बंद होत नाही. तरीही दहातले दोन-तीन काप चुकतातच. ते पूर्ववत करून टॅबने पुढच्या ट्रान्झियंटवर जा, नजरेनं खात्री करा आणि एस दाबून हातानं कापा. रेकॉर्डिंग करतानाच प्रत्येक थापेनंतर दोन सेकंद थांबलात तर ही निम्मी मेहनत वाचते.

एक खोड मात्र कुणी सांगत नाही. एसने कापताना रीपर मूळ सेटिंगनुसार दोन तुकडे १० मिलिसेकंद एकमेकांवर चढवतं. गाणं जोडायला ते छान, पॅडसाठी वाईट. तुकड्याच्या तोंडाशी मागच्या आवाजाची शेपटी येते आणि काठी पडल्यावर थाप किंचित उशिरा लागते. वादक म्हणतो पॅड खराब झालं. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन हा क्रॉसफेड बंद करा. मग सुरुवातीला १-२ मिलिसेकंदांचा फेड (आवाज हळूहळू चढवणं किंवा उतरवणं) पुरतो. त्याहून मोठा दिला तर थापेची धार जाते, अजिबात नाही दिला तर ‘टक्’ असा आवाज येऊ शकतो. शेवटी १० ते २० मिलिसेकंद द्या, खंजिरीला बिनधास्त जास्त.

आवाजाची पातळी कापण्याआधीच, अख्ख्या रेकॉर्डिंगची एकदम वाढवा. एकेक तुकडा नॉर्मलाइझ केला (कमाल पातळीवर नेला) तर हलकी बोटाची थाप आणि पंजाची थाप सारख्याच दणक्यात वाजतात.

तुकडे फाइल म्हणून बाहेर काढताना रेंडरमध्ये ‘सिलेक्टेड मीडिया आयटम्स’ निवडा. रोलंडच्या एसपीडी-एसएक्स या पॅडसाठी वेव्ह, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट असंच हवं. बरेच मोबाइल ४८ वर रेकॉर्ड करतात. ते न बदलता नेलं तर पॅड फाइल घेत नाही आणि दोष पेनड्राइव्हला जातो. एका माइकचं रेकॉर्डिंग मोनोच (एकाच चॅनेलमध्ये) काढा, जागा निम्मी लागते.

उणी बाजूही आहे. मेनू म्हणजे जंगल, सगळं इंग्रजीत, आणि तयार वाद्यं किंवा लूप जवळपास नाहीतच. कापलेले तुकडे तिथल्या तिथे कीबोर्डवर वाजवून पाहायला एफएलमधलं स्लाइसेक्स हे साधन कितीतरी सोपं. पण रीपर मूळ फाइलला हात लावत नाही. ऑटो-सेव्ह पाच मिनिटांवर लावून ठेवलं, की मंडईच्या (गावजत्रेच्या) आदल्या रात्री लाइन गेली तरी गेलेलं काम पाच मिनिटांचंच.