एजन्सीच्या पेरोलवर नऊ महिने

चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी अकाउंट्सला आहे. ही नोकरी पिंपरीच्या एका मनुष्यबळ एजन्सीमार्फत लागली: आधी एजन्सीच्या पेरोलवर, काम पसंत पडलं की कंपनीच्या रोलवर, म्हणजे थेट कंपनीची कर्मचारी.

सुरुवातीबद्दल तक्रार नाही. बी.कॉम. आणि टॅली असूनही मला कुणी मुलाखतीला बोलवत नव्हतं. यांनी आठवड्यात दोन मुलाखती लावल्या, माझ्याकडून एक रुपया घेतला नाही आणि पगार सात तारखेच्या पुढे कधी गेला नाही.

खटकलं ते फोनवरचं बोलणं. "मॅडम, सहा महिने काढा, मग तुम्ही परमनंटच." हातात आलेल्या पत्रात मात्र "कामगिरी व रिक्त जागेनुसार विचार केला जाईल" एवढंच होतं. सही करताना मी ते वाचलं आणि गप्प बसले, कारण नोकरी हवी होती. सहा महिने झाले तेव्हा आणखी तीन वाढवले. विचारलं तर एजन्सी कंपनीकडे बोट दाखवायची आणि कंपनी एजन्सीकडे.

दर महिन्याला माझ्याच पगाराचं बिल माझ्याच टेबलावर यायचं. एकूण पगार 19,500, त्यात मूळ पगार 15,000. माझे पीएफचे 1,800 आणि ईएसआयचे (कामगारांच्या आरोग्य विम्याचे) 147 कापून हातात 17,553. कंपनीला मात्र वर पीएफचे विमा व प्रशासकीय आकारासह 1,950, ईएसआयचे 634 आणि एजन्सीचा 8 टक्के सर्व्हिस चार्ज 1,767, म्हणजे 23,851 पडायचे. जीएसटी 18 टक्के वेगळा, पण त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो कंपनीला स्वतःच्या जीएसटीतून वजा करता येतो. पीएफ-ईएसआय रोलवर घेतलं तरी भरावंच लागतं, म्हणजे कंपनी जादा मोजते ते 1,767च. तेवढ्यात माणूस शोधून मिळतो, पारखता येतो, नाही जमला तर बदलून मिळतो. कंपनीला हा सौदा महाग नाही, हे मी आकडे बघूनच सांगते.

खरी चूक एप्रिलच्या पीएफची. स्लिपवर 1,800 कापलेले, पण मे संपत आला तरी उमंग अ‍ॅपवरच्या पासबुकात मार्चनंतर काहीच नाही. भरणा 15 मेपर्यंत व्हायला हवा होता. बिलासोबतचं पीएफ भरल्याचं चलन काढून पाहिलं, तर सोबतच्या यादीत आमच्यापैकी चार जणांची नावंच नव्हती. मी साहेबांना दाखवलं. ठेकेदाराने, म्हणजे इथे एजन्सीने, पीएफ बुडवला तर जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे कंपनीवर येते, त्यामुळे त्यांनी त्याच दिवशी बिल रोखलं. आठ दिवसांत पैसे जमा झाले. एजन्सी म्हणाली, नजरचूक. असेलही, पण मी अकाउंट्सला नसते तर ती कुणाच्या लक्षात आली असती? कारखान्यात मशीनवर काम करणारी पोरं पासबुक उघडूनही बघत नाहीत. आता त्या यादीतलं एकेक नाव हजेरीशी जुळवल्याशिवाय मी बिल पुढे पाठवत नाही.

डिसेंबरमध्ये रोलवर घेतलं. नवीन पत्रात रुजू तारीख 1 डिसेंबर. आधीचे नऊ महिने ना रजेत धरले, ना ग्रॅच्युइटीत. यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबर, तेवढा जुनाच राहिला. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पाचपैकी तीन स्टार. धाकट्या बहिणीचा बायोडेटा याच एजन्सीकडे दिलाय, पण रोलवर घेण्याचा निर्णय कोण आणि कोणत्या महिन्यात देणार, हे मेलवर आल्याशिवाय सही करायची नाही, असं तिला बजावलंय.