दवाखान्याचं पोर्टल की थेट काउंटर?

शेजारच्या काकूंनी काल विचारलं, "काकांचा नंबर मोबाईलवरून लावू, की परळला जाऊनच?"

वेळेचं उघड आहे. पोर्टलवर रात्री अकरालाही नंबर लागतो. काउंटरसाठी भांडुपहून सकाळची गर्दीची लोकल पकडायची आणि वर रांग. पैशांत फरक म्हणाल तर गाडीभाड्याचाच.

खरी बाजी पोर्टल मारतं ते रिपोर्टमध्ये. मधुमेहात एचबीए१सी ही रक्ततपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते, त्यामुळे जुने आकडे समोर हवेतच. माझ्या आईची फाईल जुलैच्या पावसात भिजली; 7.2 की 7.9, डॉक्टरांनाही वाचता येईना.

त्रास ओटीपीचा. नोंदणी मुलाच्या नंबरवर केली तर ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि तो मीटिंगमध्ये! नंबर स्वतःचाच द्या. 14 अंकी आभा क्रमांक, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक, काढतानाही ओटीपीचं तेच.

दर तीन महिन्यांच्या तपासणीला, जुन्या औषधांची चिठ्ठी पुन्हा घ्यायला पोर्टलच बरं. नवीन दुखणं असेल, किंवा मोबाईल हाताळणारं घरात कुणी नसेल, तर काउंटर. छातीत दुखलं तर मात्र दोन्ही सोडा, 108 लावा.