ऑडिटडीचा अनुभव: कमांड कोणी चालवली, हे खरंच कळतं का?

आधी निकाल सांगतो. लिनक्स सर्व्हरवर एकाहून जास्त माणसं लॉगिन करत असतील, तर ऑडिटडी, म्हणजे सर्व्हरवर कोणी काय केलं ते नोंदवणारी लिनक्सची सेवा, लावाच. फक्त ते नुसतं चालू करून सोडून देऊ नका.

संशय आला की बहुतेक जण आधी बॅशची (कमांड जिथे टाइप करतो त्या शेलची) हिस्टरी, म्हणजे टाइप केलेल्या कमांडची यादी, उघडतात. ती फाइल सोयीसाठी आहे, पुराव्यासाठी नाही. नेहमीच्या सेटिंगमध्ये ती शेल बंद होताना लिहिली जाते, त्यामुळे शेलला ‘किल -९’ देऊन जबरदस्तीने बंद केलं की ते सत्र तिथे येतच नाही. उबुंटूवर कमांडच्या आधी एक स्पेस टाकली तरी नोंद होत नाही. शिवाय फाइल त्या युजरच्याच मालकीची, म्हणजे नको त्या ओळी तो केव्हाही काढू शकतो.

ऑडिटडीला नोंद मिळते ती थेट कर्नलकडून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडून. ‘एक्झेकव्हीई’ या सिस्टिम कॉलवर (प्रोग्रॅम चालवण्यासाठी कर्नलला केलेल्या विनंतीवर) नियम लावला की चालणारा प्रत्येक प्रोग्रॅम त्याच्या आर्ग्युमेंट्ससकट टिपला जातो. ६४ बिटसोबत ३२ बिटचाही नियम हवा, नाहीतर पळवाट राहते. पण मला खरी किंमत वाटते ती ऑडिट यूआयडीची, म्हणजे लॉगिन करणाऱ्या युजरच्या क्रमांकाची. लॉगिनच्या वेळी तो एकदा चिकटला की माणूस सूडो करून रूट (सर्वाधिकारी युजर) झाला तरी बदलत नाही. ‘रूटने केलं’ या उत्तरावर तपास अडत नाही, तो मूळ माणसापर्यंत जातो.

मात्र हाच आकडा घाईने वाचला तर निरपराध माणूस अडकतो. आमच्याकडे एका सहकाऱ्याच्या नावावर मध्यरात्रीनंतर डेटाबेसची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर गेल्याचं दिसलं. तो नोकरी सोडून चालला होता, त्यामुळे वहीम लगेच पक्का झाला. नोंदीत ऑडिट यूआयडी त्याचाच होता, पण टीटीवायच्या, म्हणजे टर्मिनलच्या, जागी ‘नन’ (काहीच नाही) होतं. पॅरेंट प्रोसेसचा (ती कमांड सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा) माग काढत गेलो तर वर क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम, निघाला. क्रॉनही पॅम या लॉगिन हाताळणाऱ्या यंत्रणेमार्फत त्या युजरचाच ऑडिट यूआयडी लावतो. बॅकअपचं काम त्याच्या खात्यातून ठरल्या वेळी चालत होतं आणि ते त्याला रीतसर सोपवलेलं होतं. माणसाच्या नोकरीचा आणि अब्रूचा प्रश्न असताना सत्र क्रमांक, टीटीवाय आणि पॅरेंट पाहिल्याशिवाय कोणाचंही नाव घेऊ नये, असं मला कळकळीने वाटतं.

उणिवाही आहेत. ‘सीडी’, ‘एको’ यांसारख्या शेलच्या अंगभूत कमांड इथे दिसत नाहीत, कारण त्यांच्यासाठी नवा प्रोग्रॅम चालतच नाही. ‘एको’ने एखाद्या फाइलमध्ये ओळ घुसवली तर त्या फाइलवर वेगळा वॉच (फाइल बदलली की नोंद करणारा नियम) असल्याशिवाय पत्ता लागत नाही. सूडोअर्स (सूडोचे हक्क ठरवणारी फाइल) आणि एसएसएचच्या (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीच्या) की फाइल्सवर तो लावाच. उलट कोणी कमांडमध्येच पासवर्ड लिहिला तर तो जसाच्या तसा लॉगमध्ये उतरतो, म्हणून हा लॉग कोण वाचू शकतं ते आधी ठरवा. कच्चा लॉग वाचणं त्रासाचं आहे: वेळ सेकंदांच्या आकड्यात, काही मजकूर हेक्समध्ये. ‘एयूसर्च’ या लॉग शोधायच्या कमांडला ‘-आय’ दिलं की ते सुटतं.

सगळ्यात घातक आहे ते मूळ सेटिंग: ८ एमबीच्या ५ फाइल्स, मग जुन्यावर पाणी. गजबजलेल्या सर्व्हरवर कालचं काही हाती लागत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. नोंदी दुसऱ्या मशीनवर पाठवणं त्यामुळे ओघाने आलंच, आणि एरवीही ते हवंच, कारण रूट मिळालेला माणूस इथला लॉग पुसू शकतो.

सगळ्यांनी मिळून एकच ‘डिप्लॉय’ खातं वापरलं तर मात्र ऑडिट यूआयडीही सगळ्यांचा एकच येतो. मग एसएसएचच्या लॉगमधला कीचा फिंगरप्रिंट (ओळखखूण) जुळवत बसावं लागतं, आणि तोही प्रत्येकाची की वेगळी असेल तरच कामाचा. ऑडिटडी बसवण्याआधी प्रत्येकाला स्वतंत्र खातं द्या.