शंख-शिंपल्यांच्या छायाचित्रणासाठी कॅनन ईएफ १०० मिमी मॅक्रो: तीन हिवाळ्यांचा अनुभव

तारकर्लीहून देवबागकडे जाणाऱ्या वाळूच्या पट्ट्यावर ओहोटीच्या वेळी चालताना पायाखाली बटणासारखे चपटे, चकचकीत शंख येतात. अंबोनियम वेस्टियारियम ही त्यांची जात. जेमतेम १०-१२ मिलिमीटरचा हा शंख, पण एकाची नक्षी दुसऱ्याशी जुळत नाही. कुणावर करड्या लाटा असतात, कुणावर गुलाबी किनार, तर कुणावर तपकिरी तिरप्या रेघा. मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रात या साऱ्याचे नुसते ठिपके होतात. हे शंख नीट पाहता यावेत म्हणूनच मी कॅननची ईएफ १०० मिमी एफ/२.८ एल मॅक्रो आयएस यूएसएम ही अगदी जवळून छायाचित्र घेणारी (मॅक्रो) लेन्स मुंबईतून सेकंडहँड घेतली आणि गेले तीन हिवाळे कोकण किनाऱ्यावर ती वापरत आहे.

२००९ साली बाजारात आलेली ही लेन्स १:१ प्रमाण देते, म्हणजे १२ मिलिमीटरचा शंख कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरवरही १२ मिलिमीटरच उमटतो. माझ्या एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे २२ मिलिमीटर रुंद असल्यामुळे असा शंख चौकटीची निम्मी रुंदी व्यापतो. या प्रमाणाचे मोल मला एका रिकाम्या शिंपलीने पटवून दिले. 'तिसरी' नावाच्या, कोकणात खाल्ल्या जाणाऱ्या शिंपलीला बिजागरीजवळ एक बारीक भोक होते. शेजारी तिसऱ्या वेचणाऱ्या वहिनींनी ते पाहिले आणि म्हणाल्या, "ह्यां भोक सुयेन पाडल्यासारख्यां दिसता." पडद्यावर ते छायाचित्र मोठे करून पाहिले, तेव्हा भोकाची कड बाहेरून रुंद आणि आत निमुळती होत गेलेली, स्क्रूचे डोके बसावे अशी खोलगट दिसली. ही खूण नॅटिसिडी कुळातल्या मांसाहारी समुद्री गोगलगाईची असते. ती शिंपलीला आपल्या पायाने कवटाळते, आम्लयुक्त स्रावाने कवच मऊ करत दातेरी जिभेने ते खरवडते आणि भोक आरपार झाले की आतला जीव खाते. वहिनींनी कॅमेऱ्याचा पडदा दोनदा मागून घेऊन पाहिला आणि टोपलीतल्या भोके पडलेल्या आणखी तीन शिंपल्या माझ्यापुढे ठेवल्या.

अशीच दुसरी कथा एका बॅबिलोनिया स्पायरेटाची आहे. पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग असलेल्या या शंखाच्या शेवटच्या वेढ्यावर वाढीच्या रेषा एका ठिकाणी एकाएकी तुटून वेड्यावाकड्या झाल्या होत्या. खेकड्याने तोंडाची कड कातरल्यावर आतल्या जीवाने कवच पुन्हा बांधत नेले की असाच वण राहतो. समोरून प्रकाश टाकला तर तो दिसतच नाही. बाजूने, अगदी तिरपा प्रकाश टाकावा लागतो. मी कडप्प्याच्या तुकड्यावर शंख ठेवतो, एका बाजूने खिडकीचा उजेड बटर पेपरमधून गाळून घेतो आणि दुसऱ्या बाजूला काहीच ठेवत नाही. ओल्या कवडीसारख्या गुळगुळीत कवचावर मात्र हा कागद शंखाच्या अगदी जवळ आणावा लागतो, नाहीतर खिडकीचे चौकोनी प्रतिबिंब नक्षी झाकून टाकते.

आता मर्यादा. १:१ ला लेन्सचे छिद्र एफ/११ इतके बारीक ठेवले तरी स्पष्ट दिसणारी खोली एक-सव्वा मिलिमीटरच असते. शंखाचे टोक तीक्ष्ण आले की तोंड धूसर होते. ही प्रकाशशास्त्राचीच मर्यादा असल्यामुळे कोणतीही मॅक्रो लेन्स घेतली तरी ती सुटत नाही. त्यामुळे घरी मी एकाच शंखाची वीस-पंचवीस छायाचित्रे थोडा थोडा फोकस सरकवत घेतो आणि नंतर संगणकावर जोडतो. किनाऱ्यावर हे जमत नाही, कारण ओल्या वाळूत तिवईचे पाय खचत राहतात. तिथे लेन्समधले, हाताची थरथर भरून काढणारे स्थिरीकरण कामी येते, पण त्याचा हिशेब नीट समजून घ्यावा: दूरच्या दृश्याला चार स्टॉपपर्यंत (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडे ठेवता येणे) मिळणारी मदत १:१ ला दोन स्टॉपवर येते. शंखात बिऱ्हाड केलेला खेकडा टिपताना मला ती दोन स्टॉपची मदतही पुरली. लेन्सच्या तोंडापासून तो अवघ्या १३ सेंटीमीटरवर होता. फोकस करताना या लेन्सची लांबी वाढत नाही, म्हणून त्याला धक्का लागला नाही आणि काही वेळाने तो डोळे बाहेर काढून चालू लागला. अशा वेळी फोकसचा पल्ला ०.३ ते ०.५ मीटरवर मर्यादित करणारे बटण अवश्य वापरावे.

छायाचित्र हातातून गेल्यावर काय होते, तेही सांगितले पाहिजे. एका दिनदर्शिकेसाठी दिलेला पूजेच्या शंखाचा फोटो छापणाऱ्यांनी मजकुराच्या सोयीसाठी आरशातल्यासारखा उलटवला. टोक वर धरले असता नेहमीच्या शंखाचे तोंड उजवीकडे येते. ते डावीकडे गेले की तोच दुर्मीळ दक्षिणावर्ती ठरतो. रत्नागिरीहून मावशीचा फोन आला, "असला शंख मिळाला आणि तू मला सांगितलेही नाहीस?" तिला खरे सांगताना मला फार वाईट वाटले. तेव्हापासून फोटो देताना "उलटवू नये" असे मी लेखी कळवतो.

लेन्सचे वजन ६२५ ग्रॅम आहे, ओणवे राहून तासभर काम केले की मनगटाला ते जाणवते. तिला धूळ आणि पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण आहे, तरी खाऱ्या हवेतून परतल्यावर मी ती गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसतो. कॅननच्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी २०२१ मध्ये आलेली आरएफ १०० मिमी मॅक्रो १.४ पट प्रमाण देते, म्हणजे तो १२ मिलिमीटरचा शंख तिच्यात जवळपास १७ मिलिमीटरचा उमटेल. मिररलेस कॅमेऱ्याने नव्याने सुरुवात करणाऱ्याने आणि बारीक शंखांची ओढ असणाऱ्याने तीच घ्यावी. माझी जुनी लेन्स अडॅप्टर लावून नव्या कॅमेऱ्यावरही चालते, त्यामुळे येत्या हिवाळ्यात देवबागला हीच माझ्यासोबत असेल.